ओहोटीच्या वेळी अघनाशिनी

बंगळुरूच्या माणसाला रानातले प्राणी पाहायचे असले की तो काबिनी, नागरहोळे नाहीतर बंडीपूर गाठतो. समुद्र पाहायचा असला की गोकर्ण. पहिल्या सहलीत पहाटेची जीप, दुर्बीण आणि वाघाची वाट पाहणं असतं; दुसरीत वाळू, सूर्यास्त आणि ताजी मासळी. किनाऱ्याकडे वन्यजीव पाहायला म्हणून जाणारे थोडे, आणि त्यांतलेही बहुतेक जण जंगलात घडलेली नजर घेऊन जातात. माणसांची वर्दळ नसलेली जागा शोधायची, तिथे एखादं मोठं जनावर दिसलं की सहल सार्थकी लागली, अशी ही नजर. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सुमारे १४० किलोमीटर किनाऱ्यावर तिला फारसं काही सापडत नाही. कुठे डॉल्फिनची पाठ क्षणभर वर येते, कुठे ब्राह्मणी घार घिरट्या घालते, आणि मग पुन्हा नुसतं पाणी. माझं म्हणणं असं की चूक किनाऱ्याची नाही, जागेच्या निवडीची आहे. इथलं जीवन पाहायचं तर पुळण सोडून नदीच्या मुखाशी जावं, ओहोटीच्या वेळी जावं, आणि जिथे माणसं कामाला लागलेली असतील तिथेच जावं.

यातली पहिली गोष्ट, नदीचं मुख, भूगोलानेच सांगितलेली आहे. उत्तर कन्नडमध्ये सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ येतो की घाटमाथ्यावरचा पाऊस थोड्याच अंतरात खाली उतरून खाडीला मिळतो. काळी, गंगावळी, अघनाशिनी आणि शरावती या चार मोठ्या नद्या या एकाच जिल्ह्यात समुद्राला मिळतात. बंगळुरूहून दिवसाच्या गाडीने निघालं तर ही उतरण डोळ्यांनी पाहता येते. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड या टप्प्यात लोहमार्ग ५० मीटरला एक मीटर अशा चढउताराने, बोगद्यांमागून बोगदे ओलांडत खाली येतो आणि कॉफीच्या मळ्यांतून निघालेला प्रवासी नारळीपोफळीत पोहोचतो. घाटात जे ओढे दिसतात तेच पुढे नदी होऊन गाळ, पालापाचोळा आणि गोडं पाणी खाडीत नेऊन टाकतात. समुद्राचं खारं पाणी दिवसातून दोनदा त्यांच्या भेटीला वर येतं. वाळूच्या पुळणीवर लाट सतत सगळं ढवळत असते, त्यामुळे तिथे फार थोड्या जीवांचा जम बसतो. खाडीच्या मुखाशी गाळ स्थिरावतो, आणि त्या गाळात किडे, गोगलगायी, शिंपले, खेकडे यांची दाट वस्ती होते. पक्षी येतात ते या वस्तीसाठी.

दुसरी गोष्ट वेळेची. जंगलात पहाट आणि संध्याकाळ महत्त्वाची; खाडीत घड्याळ चंद्राचं असतं. कोकणातली मच्छीमार माणसं तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची अंदाजी वेळ काढतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात साधारण सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी लागते, शिवाय त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी जास्त मागे सरतं आणि चिखलाचा जास्त पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. तेव्हा पाणी फारसं हटत नाही आणि ओहोटी भर दुपारी येते. कारवारकडे उधाणातही पाण्याची चढउतार दोन मीटरच्या आसपासच असते, मुंबईत ती याच्या दुपटीहून जास्त जाते. पण उत्तर कन्नडच्या खाड्या इतक्या उथळ आणि पसरट आहेत की एवढ्या उतारानेही चिखलाचे मोठे पट्टे उघडे पडतात. तेव्हा शनिवार-रविवारची रजा ठरवताना हॉटेलच्या दरांआधी कॅलेंडरवरची तिथी पाहावी. ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांतला, पौर्णिमेला किंवा अमावास्येला लागून येणारा शनिवार-रविवार सगळ्यात चांगला.

आता जागा. या चार नद्यांपैकी मी अघनाशिनी निवडीन. ती शिरसीच्या आसपास उगम पावते, उंचळ्ळीला ११६ मीटर उंचीवरून कोसळते आणि सुमारे १२५ किलोमीटर वाहून कुमटा आणि गोकर्ण यांच्या मध्ये समुद्राला मिळते. या सगळ्या वाटेवर तिच्यावर एकही मोठं धरण नाही. तिच्या वरच्या खोऱ्यातल्या सदाहरित जंगलात सिंहपुच्छ वानरांचे कळप आहेत आणि २०११ मध्ये त्या जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. खालच्या मुखाला जानेवारी २०२४ मध्ये रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. क्षेत्र ४,८०१ हेक्टर. एकाच नदीच्या दोन टोकांना अशी मान्यता मिळण्याचं कारण मधल्या प्रवाहात आहे, तो कुठे अडलेला नाही.

मुखाच्या उत्तरेला तदडी, दक्षिणेला अघनाशिनी नावाचंच गाव, आणि मध्ये माणसांची ने-आण करणारी होडी. ओहोटी लागली की या होडीतून दोन्ही बाजूंना करडा चिखल वर येताना दिसतो. प्रथम बगळे आणि ढोकरी काठाशी उतरतात. पाणी आणखी हटलं की चिखल्या, तुतवार आणि लांब वाकड्या चोचीचे कोरल येतात. यांतले बरेच पक्षी सायबेरिया आणि मध्य आशियातल्या विणीच्या जागा सोडून हिवाळ्यापुरते इथे आलेले असतात. प्रत्येकाची चोच वेगळ्या लांबीची, म्हणून एकाच चिखलात प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर. चिखल्या वरचं टिपतो, कोरल खोल आत घुसलेल्या किड्यालाही बाहेर ओढतो. सुरय उरलेल्या पाण्यावर सूर मारत राहतात. खाली चिखलात निवट्या आपल्या परांवर सरपटत असतात. पाण्याबाहेर तासन्‌तास राहणारा हा मासा लहान मुलांना वाघाइतकाच खिळवून ठेवतो. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले नर खेकडे ती नांगी वरखाली हलवून मादीला बोलावतात. हे सगळं पाहायला जीप लागत नाही, पास लागत नाही, आणि दिसेल की नाही हा प्रश्नही फारसा नसतो. पाणी उतरलं की ते दिसणारच.

याच चिखलात बायका कंबरभर पाण्यात उभ्या राहून हातांनी आणि पायांनी तिसऱ्या चाचपत असतात, पुरुष बुडी मारून खोलातले शिंपले काढतात. खडकांवर कालवं फोडली जातात. रामसर नोंदीनुसार मासेमारी, शेती, शिंपले, खेकडे आणि मीठ यांच्या आधारे या खाडीवर ६,००० ते ७,५०० कुटुंबं जगतात. माझ्या म्हणण्याचा तिसरा भाग इथे येतो. जंगलाच्या सहलीत माणूस दिसला की निसर्ग भंगला असं वाटायची सवय आपल्याला लागली आहे. पण खाडीत पक्षी आणि माणूस एकाच वेळी, एकाच अन्नासाठी, एकाच चिखलात उतरतात. जिथे शिंपले वेचणाऱ्या बायका दिसतात तिथे गाळ निरोगी आहे आणि पाण्याचा खारेपणा योग्य आहे, हे कुठलंही यंत्र न लावता कळतं. त्यांच्या टोपलीत काय आहे हे पाहणं हा वन्यजीव निरीक्षणाचाच भाग आहे. त्यांना विचारलं तर कोणती शिंपली कोणत्या महिन्यात भरलेली असते, कुठे गाळ बदलला, कुठे वाळू साचली, हे त्या एखाद्या अहवालापेक्षा बारकाईने सांगतात. विचारायची भाषाही मराठी माणसाला जवळची. खारवी आणि हरिकंत्र समाजातल्या अनेकांची घरची बोली कोंकणीच आहे.

खाडीच्या आतल्या अंगाला, मासूरकुर्वे आणि ऐगळकुर्वे या बेटांकडे होडी वळली की शेतं लागतात. बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या या जमिनीला इथे गझनी म्हणतात. गोव्याची खाजणं पाहिलेल्याला ही रचना लगेच ओळखू येईल. पावसाळ्यात इथे कग्ग नावाचा उंच, खारं पाणी सोसणारा भात होतो. त्याला खत लागत नाही, काही दिवस पाण्याखाली गेला तरी तो टिकतो. हालक्की वोक्कलिग समाजाने हे बियाणं पिढ्यान्‌पिढ्या राखलं आहे. कापणी झाली की उघाड्यांच्या फळ्या वर करून भरतीचं पाणी आत घेतात, त्याबरोबर कोळंबी आणि मासे येतात, आणि भाताचं धसकट त्यांचं खाद्य होतं. त्यामागून बगळे, पाणकावळे, खंड्या. एकाच तुकड्यावर वर्षातून दोन पिकं, एक माणसाने पेरलेलं आणि एक समुद्राने आणून दिलेलं. बांधांच्या बाहेर कांदळवन, ज्यातल्या काही झाडांची बी झाडावरच अंकुरते आणि मग खालच्या चिखलात रुजते. गोकर्णाजवळच्या साणिकट्ट्याला मिठागरं आहेत, आणि मिठागरांच्या उथळ वाफ्यांतही हिवाळी पक्ष्यांचे थवे उतरतात. मिर्जानचा जांभ्या दगडातला किल्लाही याच नदीच्या काठी आहे. गेरुसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिचा मिऱ्याचा व्यापार या खाडीतून चालत असे, आणि पोर्तुगीज तिला मिऱ्याची राणी म्हणत. अर्धा दिवस त्याला द्यावा, पण भरतीच्या वेळचा. ओहोटीचा द्यायचा नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हे एका नदीचं गुणगान झालं. मुख हेच खरं ठिकाण याला पुरावा काय? पुरावा वीसेक किलोमीटर दक्षिणेला आहे. होन्नावरला शरावती समुद्राला मिळते. कोकण रेल्वेचा सर्वांत लांब पूल, दोन किलोमीटरहून थोडा जास्त, याच मुखावर आहे, आणि त्यावरून जाताना पसरलेलं पाणी इतकं देखणं दिसतं की इथे काही कमी असेल अशी शंकाही येत नाही. पण शरावतीवर १९६४ पासून लिंगनमक्कीचं धरण आहे, आणि तिची वीजकेंद्रं पाऊस संपल्यानंतरही वर्षभर पाणी सोडत राहतात. उन्हाळ्यात खाडीचं पाणी खारट व्हायला हवं तेव्हाही ते गोडसर राहतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले टी. व्ही. रामचंद्र, कुमट्याच्या बाळिगा महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेले एम. डी. सुभाष चंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी या खाड्यांची तुलना केली आहे. अघनाशिनीत जे खाद्य शिंपले मुबलक आहेत त्यांतले बहुतेक शरावतीच्या मुखातून नाहीसे झाले, आणि माशांची विविधताही तिथे कमी आढळली. दोन खाड्या, एकच किनारा, एकच पाऊस, एकच समुद्र. मोठा फरक वरच्या धरणाचा. ज्या संस्थेने हे अभ्यास केले तिथलं परिसरशास्त्र केंद्र १९८३ मध्ये पुण्याच्या माधव गाडगीळांनी उभं केलं आणि उत्तर कन्नड हा त्यांच्या कामाचा जिल्हा ठरला, हे मराठी वाचकाला आठवण करून द्यावंसं वाटतं.

यावर एक रास्त हरकत आहे. दोन खाड्यांचा आकार, खोली, वाळूउपसा, मासेमारीची बंदरं सारखी नसतात. सगळं खापर धरणावर फोडता येणार नाही. ते खरं आहे. शरावतीच्या मुखाशी कांदळवन आहे, वनखात्याने त्यातून चालायला लाकडी पूलवाट बांधली आहे, तिच्यावरून खेकडे आणि खंड्या उत्तम दिसतात. ती खाडी मेलेली नाही. पण शिंपल्यांना ठरावीक महिने ठरावीक खारेपणा लागतो हे शरीरशास्त्र आहे, मताचा प्रश्न नाही. आणि धरणांची मालिका असलेल्या काळी नदीच्या मुखाशी, कारवारला, पाहणी केली तर तिथेही वरून येणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडावाच लागतो. प्रवाशाने एका संध्याकाळी अघनाशिनीवर आणि दुसऱ्या संध्याकाळी शरावतीवर ओहोटी पाहिली, दोन्हीकडच्या टोपल्या पाहिल्या, तर हा वाद पुस्तकात वाचण्यापेक्षा स्पष्ट होतो. बंगळुरूच्या रहिवाशासाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. शरावतीचं मुख्य वीजकेंद्र १,०३५ मेगावॉटचं, आणि ही वीज दशकानुदशकं राज्याच्या शहरांना मिळत आली आहे. २०१९ मध्ये लिंगनमक्कीचं पाणीच बंगळुरूला आणण्याचा विचार पुढे आला तेव्हा मलेनाडात मोठा विरोध झाला. घाटावरच्या शहराची गरज आणि खाडीतल्या शिंपलीचा खारेपणा एकाच नदीला बांधलेले आहेत. अघनाशिनीवरही तदडीला औष्णिक वीजकेंद्र, मोठं बंदर, तिचं पाणी पूर्वेकडे वळवणं अशा योजना वेळोवेळी मांडल्या गेल्या. ती आज मोकळी वाहते याचं श्रेय इथल्या लोकांच्या चिवट विरोधाला आहे.

दुसरी हरकत थोडी वेगळी. माणसाचं काम नेहमी निसर्गाच्या बाजूचं असतं असं कुठे आहे? तेही खरं. गझनी जमिनींत कोळंबीचे तलाव आले तेव्हा कग्गचं क्षेत्र आटलं, बांधांची निगा गेली. चुन्यासाठी तळातल्या मेलेल्या शिंपल्यांचं खणकाम झालं. म्हणून मी काम आणि काम यांत फरक करतो. भरती-ओहोटीच्या लयीत बसणारं काम खाडीला सोसतं. तिची लय मोडणारं काम खाडी मोडतं. प्रवासी हा फरक शिकू शकतो आणि त्याप्रमाणे पैसे खर्च करू शकतो. होडी गावातल्या माणसाची घ्यावी, भात कग्गचा विकत घ्यावा, कालवं स्थानिक घरात खावीत.

तिसरी हरकत मला सगळ्यात गंभीर वाटते. असं लिहून गर्दी वाढवायची का? गोकर्णाच्या ओम आणि कुडले पुळणींचं काय झालं ते समोर आहे. याचं उत्तर शोधताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासकडे पाहावं लागतं. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, जेवतात, पहाटे आणि संध्याकाळी पिल्लं समुद्राकडे जाताना पाहतात. पूर्वी अंडी चोरीला जात. आता गावच त्यांची राखण करतं. वेळासलाही गर्दीचे दिवस असतात आणि त्यांवर आवर घालावाच लागतो, पण उत्पन्नाचा हिस्सा गावात राहिला की राखणदार गावातच तयार होतात, एवढं त्या अनुभवाने दाखवलं. खाडीला तर आणखी एक संरक्षण आहे. चिखलात रिसॉर्टची खुर्ची मांडता येत नाही, संगीत लावून कोणी तिथे रात्र काढत नाही. होडीत आठ-दहाच माणसं मावतात आणि उघडा चिखल दोन-तीन तासांत पुन्हा पाण्याखाली जातो. जागाच आपली मर्यादा ठरवते. उलट होन्नावरजवळ कासारकोडची पुळण २०२० मध्ये ब्ल्यू फ्लॅग मानांकनाने सजली. तिथून जवळच कासारकोड-टोंकाला कासवं अंडी घालतात आणि तिथेच बंदर बांधण्याविरुद्ध मच्छीमारांचं आंदोलन उभं राहिलं. स्वच्छ, रंगवलेली पुळण म्हणजे राखलेला किनारा, असं समीकरण तिथे मांडता येत नाही.

मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट, तिथलं प्रवाळ आणि पांढऱ्या पोटाचे समुद्र गरुड यांचा मोह होणारच. हवा चांगली असेल तर जरूर जावं. पण ते दृश्य पाण्याखालचं, खर्चिक, आणि सुटं आहे; घाटाशी, शेताशी, माणसाच्या टोपलीशी त्याचा धागा जोडून पाहता येत नाही. पहिल्या भेटीसाठी मी ते ठेवणार नाही.

व्यवहाराचं थोडं. बंगळुरूहून संध्याकाळी निघणारी पंचगंगा एक्स्प्रेस सकाळी कुमट्याला सोडते, म्हणून दोन दिवसांच्या रजेतही दोन ओहोट्या मिळतात, अट एवढीच की एका जागी राहावं आणि महामार्गावरून चार ठिकाणं उरकायच्या मागे लागू नये. जड बूट नकोत, चिखलात ते रुततात. पट्ट्याच्या चपला हातात धरून अनवाणी उतरणंही कालवांच्या धारेमुळे धोक्याचं, म्हणून जुने कापडी बूट सगळ्यात बरे. दुर्बीण आठ पटींची पुरे. बायका वेचत असतील त्या चिखलपट्ट्यावर त्यांना विचारल्याशिवाय उतरू नये, ते त्यांचं शेत आहे. आणि जे मराठी कुटुंब बंगळुरूहून सुट्टीत चिपळूणला किंवा दापोलीला जातं, त्याने हाच अभ्यास वाशिष्ठीवर करून पाहावा. कृष्णेच्या खोऱ्यातलं कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत सोडलं जातं, आणि दाभोळ खाडीत मगरींची वस्ती आहे. वरून येणाऱ्या त्या जादा पाण्याने खाडीच्या खारेपणाचं, शिंपल्यांचं आणि मासेमारीचं काय झालं, हे दाभोळच्या धक्क्यावरच्या जुन्या मच्छीमारांना विचारायला एक दुपार पुरते.